भंगारातला ॲल्युमिनियमचा ब्रेक ड्रम : पारख, खराद आणि जुन्या मोटरसायकलवर बसवणी

इंजिनाला मोठा पिस्टन घातला, कार्बोरेटर बदलला, सायलेन्सर मोकळा केला आणि ब्रेक मात्र कारखान्यातून आला तोच ठेवला, अशा जुन्या बुलेट, येझदी आणि राजदूत गाड्या नागपूरच्या रस्त्यांवर पुष्कळ दिसतात. वेग ६० वरून ८० किलोमीटरवर गेला की गाडीतली गतिज ऊर्जा पावणेदोन पटींहून थोडी अधिक होते, आणि थांबताना ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता म्हणून उतरते. गाडी आणि स्वार मिळून २३० किलो धरले, तर ८० च्या वेगावरून एकदा थांबण्यात सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. छोट्या ड्रमला हे एकदा झेपते, पण लागोपाठ पाच-सहा वेळा झेपत नाही. शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेकचे तुकडे) तापतात, त्यांचे घर्षण घटते आणि लिव्हर पूर्वीइतकाच दाबूनही गाडी थांबेनाशी होते. पुढच्या चाकाला मोठ्या व्यासाचा, ॲल्युमिनियमच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) ओतलेला, शक्यतो दोन लीडिंग शूचा, म्हणजे फिरत्या ड्रमने ओढले जाऊन आपोआप घट्ट बसणारे दोन्ही शू असलेला, ड्रम बसवणे हा यावरचा जुना आणि जुन्या गाडीला शोभणारा उपाय आहे. असे ड्रम आज नवे मिळणे कठीण असल्याने ते भंगारातूनच शोधावे लागतात.

भंगारातून ब्रेक उचलण्याची ही रीत चारचाकी हौशी लोकांत फार जुनी आहे. अमेरिकेत जुन्या फोर्ड गाड्यांचे हॉट रॉड (वेगासाठी फेरबदल केलेल्या गाड्या) बांधणारे लोक ब्युइक कंपनीचे, १९५८ पासून आलेले १२ इंची पंखवाले ॲल्युमिनियम ड्रम भंगारातून काढून वापरत आले आहेत. त्या ड्रमच्या आत बिडाची रिंग असते आणि बाहेर ॲल्युमिनियमचे ४५ किंवा ९० पंख असतात. अडचण बोल्टांची असते, कारण ब्युइकचे पाच बोल्ट ५ इंची वर्तुळावर आहेत आणि जुन्या फोर्डचे साडेपाच इंची वर्तुळावर. म्हणून ड्रमचे मध्य खरादून (लेथवर कातून) त्याला नव्याने भोके पाडली जातात. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे आपल्याकडच्या जुन्या विलीज आणि महिंद्रा जीपचे बोल्टही साडेपाच इंचांवरच आहेत, त्यामुळे जीपचे काम करणाऱ्याला अमेरिकन फोर्डवाल्यांचा अनुभव थेट उपयोगी पडतो. मात्र ब्युइकचा ड्रम आपल्या भंगारात मिळणार नाही. इथे जे मिळते ते मोटरसायकलचे हब, आणि हे मार्गदर्शन त्यांच्यापुरतेच आहे.

ॲल्युमिनियम कशासाठी, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सगळी पारख त्यावर उभी आहे. ॲल्युमिनियमचे ओतीव मिश्रधातू बिडाच्या साधारण दुप्पट ते तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेतात आणि त्याच आकारमानाला त्यांचे वजन बिडाच्या ४० टक्क्यांच्या आत भरते. परंतु ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे शू थेट त्याच्यावर घासला तर ते लगेच चरते. म्हणून घासणारी बाजू बिडाची आणि उष्णता बाहेर टाकणारी बाजू ॲल्युमिनियमची, अशी जोडी केलेली असते. या जोडीचा कमकुवत भाग तिचा सांधा आहे, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने फुगते. १८० मिलिमीटर व्यासाचा ड्रम १५० अंशांनी तापला तर ॲल्युमिनियमची बाजू सुमारे ०.६ मिलिमीटर वाढते, बिडाची रिंग मात्र ०.३ च आसपास वाढते. उरलेले ०.३ मिलिमीटर कारखान्याने आधीच घट्ट बसवलेल्या ताणातून किंवा रिंगच्या पाठीवर ओतलेल्या खाचांतून भरून निघावे लागतात. ज्या हबमध्ये हा सांधा ढिला झाला आहे तो बाहेरून कितीही चकचकीत असला तरी कामाचा नाही. आणि ज्यात तो शाबूत आहे तो काळवंडलेला, मातीने भरलेला असला तरी पैसे मोजून घ्यावा.

शोध कुठे घ्यावा

दोन लीडिंग शूच्या ड्रममध्ये सर्वांत जास्त मागणी राजदूत ३५० च्या पुढच्या हबला आहे. १९८० च्या दशकात एस्कॉर्ट्सने काढलेली ही गाडी यामाहाच्या आरडी ३५० वर बेतलेली होती. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे मात्र सात इंची ड्रम दिला गेला. त्या गाडीचे चाहते हे हब हातचे सोडत नाहीत, त्यामुळे त्यांचा भाव भंगाराच्या भावाशी कधीच जुळत नाही. त्या मानाने बुलेटचे सात इंची, दोन लीडिंग शूचे हब सहज मिळतात, कारण डिस्क ब्रेक बसवून घेणाऱ्या मालकांनी ते काढून टाकलेले असतात. बुलेटच्याच जुन्या गाडीवर काम चालले असेल तर हाच सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे, कारण बसवणीची अर्धी डोकेदुखी वाचते. येझदीचे पूर्ण रुंदीचे हब दिसायला देखणे आहेत, पण त्यांत एकच लीडिंग शू असतो, तेव्हा त्यांच्याकडून फार मोठा फरक अपेक्षू नये. अलीकडच्या कम्यूटर गाड्यांच्या अलॉय व्हीलमधला १३० मिलिमीटरचा ड्रम चाकाशी एकजीव ओतलेला असतो, आणि तो कापून दुसऱ्या रिमला लावण्याचा विचारही करू नये.

नागपुरात कामठी रस्त्यावर, ऑटोमोटिव्ह चौकाच्या बाजूला गॅरेज आणि जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत. शोध तिथून सुरू करावा. अमरावती रस्त्यावरची वाडीची बाजू मुख्यतः ट्रकवाल्यांची आहे, तिथे मोटरसायकलचा माल योगायोगानेच हाती लागतो. माझा अनुभव असा की शहरापेक्षा काटोल, सावनेर, उमरेड अशा गावांतले जुने मिस्त्री अधिक फलदायी ठरतात. दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे वापरलेल्या गाड्या त्यांच्याकडे सुट्या होऊन कोपऱ्यात पडलेल्या असतात, आणि त्यांना मोटरसायकलचे नाव सांगितले की ते हबचा माप-आकार डोळे मिटून सांगतात. भंगारवाल्याकडे जाण्यात घाई महत्त्वाची आहे. ॲल्युमिनियममध्ये लोखंड मिसळलेले असले की भट्टीवाला भाव पाडतो, म्हणून भंगारवाला हब आला की घणाने फोडून बिडाची रिंग वेगळी काढतो. तोडाई होण्याआधी त्याच्याकडे पोचणे किंवा ‘भाऊ, हब आला की फोडू नका, मला फोन करा’ असे सांगून ठेवणे, हाच एक मार्ग आहे.

हब एकटा कधीही घेऊ नये. ब्रेक प्लेट (शू धरून ठेवणारी तबकडी), दोन्ही कॅम (फिरून शू उघडणारे तुकडे), त्यांचे लिव्हर, जोडणारा रॉड, ॲक्सल, बेअरिंगमधली डिस्टन्स नळी आणि ब्रेकचा शूजोड, असा पूर्ण संच एकाच गाडीचा मिळाला तर किंमत थोडी जास्त पडली तरी तो घ्यावा, कारण सुटा हब घेऊन नंतर प्लेट शोधायला निघालेला माणूस बहुधा दुसरा हबच विकत घेऊन परततो. विक्रेत्याकडून हबच्या वर्णनाची साधी पावती घ्यावी; चोरीच्या गाडीचे भाग बाजारात फिरतात, आणि पोलिसांच्या चौकशीत तोंडी हिशेबाला किंमत नसते.

जागेवरची तपासणी

खिशात चुंबक, कापडाचा तुकडा, थोडे रॉकेल, पांढरा खडू आणि आत मोजता येईल असा व्हर्निअर ठेवावा. सहा इंची व्हर्निअर १५० मिलिमीटरपर्यंतच उघडतो, त्यामुळे सात इंची ड्रमला तो उपयोगाचा नाही. २०० किंवा ३०० मिलिमीटरचा हवा. चुंबक आधी ड्रमच्या आतल्या घासणाऱ्या बाजूला लावून पाहावा: तो चिकटला तर बिडाची रिंग जागेवर आहे. मग तोच बाहेरच्या अंगाला लावावा. तिथे तो चिकटला तर रंगाखाली ॲल्युमिनियम नसून लोखंड आहे आणि विषय तिथेच संपला.

आतला व्यास मोजताना ड्रमच्या तोंडाशी असलेल्या, शू न पोचल्याने उरलेल्या कडेवर माप घेण्याची चूक सर्वसाधारण आहे. माप या कडेच्या आत, खोलीच्या तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी चार दिशांनी घ्यावे. चारही दिशांची मापे ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळी असतील तर ड्रम लंबवर्तुळ झाला आहे. हे खरादून निघू शकते, परंतु खरादण्यासाठी धातू शिल्लक असला पाहिजे. बहुतेक हबवर घासण्याची कमाल मर्यादा ओतलेली किंवा कोरलेली असते आणि ती मूळ व्यासापेक्षा साधारण १ मिलिमीटर जास्त असते. मर्यादेच्या ०.३ ते ०.४ मिलिमीटर आतला ड्रम खरेदीयोग्य समजावा. मर्यादेला टेकलेला ड्रम खरादला की ती ओलांडणारच. मर्यादेचा आकडा दिसत नसेल तर त्याच मॉडेलच्या मूळ व्यासाची खात्री केल्याशिवाय ड्रम घेऊ नये.

मग डोळ्यांची तपासणी. रिंग आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात ती बारीक रेघ ड्रमच्या तोंडावर फिरून दिसते. या रेषेत पांढरी भुकटी किंवा गंजाचा तांबडा पाझर आढळला तर सांध्यात पाणी शिरलेले आहे. रेषेत रॉकेल लावावे, पाच-सात मिनिटे थांबावे, कोरडे पुसावे आणि वर खडूची भुकटी पसरावी. सांधा उघडा असेल तर आतले रॉकेल हळूहळू वर येऊन खडूवर ओली काळी रेघ उमटवते. हीच युक्ती आऱ्यांच्या (स्पोकच्या) भोकांभोवती, फ्लँजच्या (आऱ्या अडकवायच्या कडेच्या) मुळाशी आणि बेअरिंगच्या घरातही वापरावी. आरीच्या भोकापासून फ्लँजच्या काठाकडे जाणारी भेग हे हब नाकारण्याचे पक्के कारण आहे. तिच्यावर अर्गन वेल्डिंग करून देतो म्हणणारे लोक भेटतात; बिडाच्या रिंगेजवळ ॲल्युमिनियम वेल्ड करताना होणारे ताण पाहता, पुढच्या ब्रेकच्या हबवर हा उद्योग मी कोणालाही करू देणार नाही.

ड्रमच्या आत निळसर ठिपके दिसले तर तिथे कधीतरी प्रचंड तापमान झाले होते आणि बीड जागोजाग कडक झाले आहे. खरादताना हत्याराची धार अशा ठिपक्यावरून उड्या मारते आणि ते उंचवटे म्हणून शिल्लक राहतात. एखाद-दुसरा छोटा ठिपका ग्राइंडिंगने निघतो. पूर्ण फेरीभर निळेपण असेल तर ड्रम सोडून द्यावा.

घरी आणल्यावर पहिले काम स्वच्छतेचे. गॅरेजमध्ये इंजिनाचे भाग धुण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे पाणी ठेवलेले असते. ॲल्युमिनियमचा हब त्यात कधीही टाकू नये, कारण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि सोबत हायड्रोजन वायू निघतो. रॉकेल, ब्रश आणि शेवटी साबणाचे पाणी एवढे पुरेसे आहे. जुन्या शूची धूळ हवेच्या फुंकेने उडवू नये, कारण जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने टिपावी, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि तोंडावर चांगला मास्क असावा.

सांध्याची शेवटची परीक्षा उष्णतेची आहे. हबचे बेअरिंग काढण्यासाठी तो उकळत्या पाण्यात ठेवायचाच असतो, त्याच वेळी सांध्याच्या रेषेवर लक्ष द्यावे. गरम हबच्या सांध्यातून बुडबुडे किंवा तेल वर येऊ लागले, किंवा ०.०५ मिलिमीटरचा फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) आत शिरू लागला, तर रिंग ढिली आहे. थंडपणी शाबूत वाटणारे हब या एका परीक्षेत नापास होताना मी पाहिले आहेत. बेअरिंग गरम हबमधून जवळजवळ स्वतःहून बाहेर पडतात. थंड हबवर छिन्नी-हातोडा चालवून बेअरिंगचे घर खराब करण्याची गरज नाही. बेअरिंगचे बाहेरचे कडे हबमध्ये फिरल्याच्या खुणा असतील तर घरात टिपके मारून ते घट्ट करण्याची जुनी रीत टाळावी, आणि खरादी चांगला असेल तर पोलादी बुश बसवून घ्यावे.

कोणत्या बाजूला, कोणत्या दिशेने

बसवणीतली सर्वांत गंभीर चूक इथे होते आणि ती कागदावर दिसत नाही. दोन लीडिंग शूच्या प्लेटमध्ये दोन्ही शू चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढले जाऊन स्वतःहून घट्ट बसतात. त्यामुळेच हा ड्रम ताकदवान असतो. हीच प्लेट मूळ गाडीत डावीकडे असून तुम्ही ती उजवीकडे लावली, तर फिरण्याची दिशा उलटते, दोन्ही शू लीडिंगचे ट्रेलिंग होतात, आणि ताकदवान ब्रेकचा ताकदहीन ब्रेक होतो. बाहेरून दोन्ही बसवण्या सारख्याच दिसतात. म्हणून प्लेट हातात धरून, चाक पुढे जाताना ड्रम कुठल्या दिशेने फिरेल हे बोटाने दाखवावे. प्रत्येक शूमध्ये कॅमच्या टोकापासून खुंटीच्या (शूचे दुसरे टोक जिच्यावर टेकते तिच्या) टोकाकडे ड्रम फिरला पाहिजे. एका लीडिंग शूच्या प्लेटलाही हाच नियम लागू आहे, फक्त त्यात एक शू लीडिंग आणि दुसरा ट्रेलिंग असतो, त्यामुळे बाजू उलटली तरी फारसे बिघडत नाही. दोन लीडिंग शूचा ब्रेक उलट दिशेत दुबळा असतो, त्यामुळे चढावर गाडी मागे घसरू लागली तर फक्त पुढच्या ब्रेकवर विसंबू नये.

ॲक्सलचा व्यास, फोर्कची रुंदी आणि चाकाचा मध्य या तीन गोष्टी कागदावर रेखाटून घ्याव्यात. ॲक्सल मूळ फोर्कचा आणि बेअरिंग नव्या हबचे, असा मेळ बहुधा जमत नाही. अशा वेळी ॲक्सल बारीक करण्यापेक्षा त्याला बसणाऱ्या आतल्या व्यासाचे बेअरिंग शोधावे. ६२०२ आणि ६२०३ मध्ये आतला व्यास १५ आणि १७ मिलिमीटर, बाहेरचा ३५ आणि ४० मिलिमीटर असतो, आणि ६३०२ मध्ये आतला १५ व बाहेरचा ४२. या यादीत थोडा शोध घेतला की पुष्कळदा बुशविना काम होते. दोन्ही बेअरिंगमधली डिस्टन्स नळी एका मिलिमीटरनेही आखूड राहिली तर नट आवळताच बेअरिंगवर आडवा दाब येतो, चाक जड फिरते आणि बेअरिंग लवकर जाते.

प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला फोर्कशी बांधणारा अँकर हा या सगळ्या कामातला सर्वांत जास्त भार सोसणारा भाग आहे, आणि पुष्कळ लोक तो शेवटच्या दिवशी हाताला लागेल त्या पट्टीने उरकतात. हिशेब करून पाहावा. २३० किलो वजनाची गाडी ०.६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट) इतक्या जोराने पुढच्या चाकावर थांबवताना टायरवर सुमारे १,३५० न्यूटनचा जोर येतो. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली तर प्लेटला फिरवणारा आघूर्ण ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास होतो. अँकरचा बोल्ट ॲक्सलपासून १० सेंटीमीटरवर असेल तर त्या एका बोल्टवर सुमारे ४,००० न्यूटन म्हणजे चारशे किलोंचा जोर येतो. म्हणून अँकरची पट्टी किमान ६ मिलिमीटर जाडीच्या सपाट पोलादाची असावी, बोल्ट ८.८ श्रेणीचे असावेत, त्यांचा गुळगुळीत भाग भोकात बसावा, नटाला कॉटर पिन असावी, आणि पट्टी फोर्कला शक्य तितकी समांतर असावी. फोर्कच्या ॲल्युमिनियमच्या पायावर वेल्डिंग करून कान लावू नये. पायाला आवळणारी दोन तुकड्यांची कड्यासारखी पोलादी क्लँप मशीनवर करून घ्यावी. मूळ गाडीच्या प्लेटला फोर्कच्या उभ्या कण्यात अडकणारी खाच असेल आणि तुमच्या फोर्कला तसा कणा नसेल, तर या क्लँपखेरीज दुसरा मार्ग नाही.

आधी आऱ्या, मग खराद

ड्रम एकट्याने खरादून मग त्यावर आऱ्या ओढल्या, तर सगळा खर्च वाया जाऊ शकतो. आऱ्यांचा ताण हबच्या फ्लँजला ओढतो आणि त्याबरोबर ड्रमही किंचित वाकडा होतो. आधी गोल मोजलेला ड्रम चाक तयार झाल्यावर गोल राहत नाही. म्हणून आधी योग्य लांबीच्या नव्या आऱ्या घालून चाक बांधावे, रिमचा आऊट (फिरतानाचा वाकडेपणा) दोन्ही दिशांना काढावा, आणि नंतर संपूर्ण चाक लेथवर धरून ड्रम खरादावा. अठरा इंची रिमचा बाहेरचा व्यास ४८० मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे तो बसेल एवढा मोठा किंवा पोकळी असलेला लेथच लागतो. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठे लेथ चालवणारी युनिट्स आहेत, तिथल्या एका जुन्या खरादीने मला पहिल्याच भेटीत सांगितले, ‘भाऊ, आधी स्पोक ओढून आणा, मग खरादतो, नाही तर पुन्हा याल.’ कामाची माहिती नसलेला खरादी ‘ड्रमच द्या, करून देतो’ म्हणतो. त्यावरूनही दुकानाची पारख होते.

चाक त्याच्या स्वतःच्या बेअरिंगच्या घरांना आधार मानून धरावे, कारण आपल्याला ड्रम ॲक्सलशी एककेंद्री हवा आहे, रिमशी नव्हे. कट ०.१ मिलिमीटरचा ठेवावा, कार्बाईडची धार वापरावी, आणि पृष्ठभाग स्वच्छ झाला की थांबावे. अधिक चकाकीसाठी आणखी कट मारू नये. खरादून झाल्यावर डायल गेज लावून फेरीतली चढउतार ०.०५ मिलिमीटरच्या आत आणावी. हे झाल्यावर पुन्हा एकदा व्यास मोजून मर्यादेशी ताडून पाहावा.

ड्रम मोठा झाला म्हणजे जुना शू त्याला फक्त मधोमध टेकतो. म्हणून अस्तर जाड लावून घ्यावे आणि शू प्लेटवर बसवून, कॅमखाली पातळ पत्र्याची पट्टी घालून ते किंचित उघडे ठेवून, ड्रमच्या व्यासापेक्षा ०.३ ते ०.४ मिलिमीटर कमी व्यासावर लेथवर फिरवून घ्यावे. अस्तराच्या पुढच्या टोकाला १० मिलिमीटर लांबीचा उतार घासावा. तो नसेल तर शू अचानक पकडतो आणि ब्रेक किंचाळतो. चिकटवलेले अस्तर चालते, पण चिकट द्रव्याचा दर्जा ओळखीच्या माणसाकडूनच खात्री करून घ्यावा, कारण सुटलेले अस्तर चाक एका क्षणात जाम करते. प्लेटला हवेसाठी जाळीची भोके पाडण्याचा मोह होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल थेट आत घेणारी ही भोके मला तरी शोभेपलीकडे कामाची वाटत नाहीत. हबवर जाड रंगही देऊ नये. रंग उष्णता अडवतो.

आता केबल आणि लिव्हर. ब्रेक पूर्ण दाबल्यावर केबल आणि कॅमचा लिव्हर यांत काटकोन व्हावा, त्यापलीकडे जाऊ नये. कॅमच्या दातांवर लिव्हर एक दात मागे-पुढे करून हा कोन जुळतो. दोन लीडिंग शूच्या जोडणीत दोन्ही शू एकाच वेळी टेकणे आवश्यक असते. यासाठी जोडणारा रॉड सुटा करून दोन्ही कॅम हाताने एकेक करून शू ड्रमला टेकेपर्यंत फिरवावेत, त्या स्थितीत रॉडची लांबी जुळवून तो लावावा आणि मग मुख्य केबल ताणावी. नुसते बाहेरून नट फिरवून ‘झाले असेल’ म्हटले तर एक शू काम करतो आणि दुसरा नुसता प्रवास करतो.

कायद्याचा मुद्दा टाळता येणार नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल मालकाला करता येत नाहीत. आपल्या गाडीच्याच मॉडेलचा, किंवा निर्मात्याने त्या गाडीच्या दुसऱ्या आवृत्तीत दिलेला ड्रम बसवणे तुलनेने सोपे पडते. वेगळ्या कंपनीचा हब आणि घरी केलेला अँकर असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी तुमची गाडी एमएच ३१, ४० किंवा ४९ यांपैकी ज्या परिवहन कार्यालयात नोंदलेली आहे तिथे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. ब्रेकच्या बाबतीत अपघातानंतर हा प्रश्न नक्की विचारला जातो.

चाचणी

पहिले किलोमीटर सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर, ४० च्या आतल्या वेगात घ्यावेत. हलकेच ब्रेक लावून सोडावा, मध्ये गाडी थोडी चालू द्यावी म्हणजे ड्रम निवतो, आणि असे वीस-पंचवीस वेळा करावे; यातून शू ड्रमला बसतो. सुरुवातीलाच जोरात ब्रेक मारला तर अस्तराचा पृष्ठभाग भाजून चकचकीत होतो आणि पुढे कधीच नीट पकडत नाही. त्यानंतर प्लेट उघडून शूवरचा घासल्याचा ठसा पाहावा: तो अस्तराच्या निदान तीन चतुर्थांश भागावर असावा.

नागपूरचा मे महिना ब्रेकला जितका घातक वाटतो तितका नाही. हवा ४५ अंश असो की २५, उतारावर २०० अंशांपर्यंत तापणाऱ्या ड्रमसाठी तो फरक लहान आहे. खरी परीक्षा सलग उताराची. छिंदवाड्याकडे जाताना लागणारा सिल्लेवानी घाट यासाठी सोयीचा आहे. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवावी, ब्रेक सतत न धरता मधूनमधून लावावा, आणि अधिक दाबूनही थांबण्याचे अंतर वाढू लागले की तिथेच थांबून निवू द्यावे. खाली पोचल्यावर हबला हात लावू नये; पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो लगेच उसळून उडाला तर ड्रम १०० अंशांच्या वर आहे.

घरी परतल्यावर ड्रम पूर्ण निवू द्यावा आणि आऱ्या एकेक करून वाजवून पाहाव्यात. नव्या बांधलेल्या चाकाच्या काही आऱ्या पहिल्या तापण्यात हमखास ढिल्या होतात, त्या ओढाव्यात आणि आऊट पुन्हा तपासावा. अँकरचे दोन्ही बोल्ट आणि कॉटर पिन पाहावी, केबलचा ताण जुळवावा, आणि बिडाच्या रिंगेची रेघ टॉर्चच्या उजेडात पूर्ण फेरी फिरवून पाहावी. त्या रेषेतून तेलाचा किंवा काळ्या भुकटीचा पाझर निघालेला दिसला, तर चाक गाडीवरून उतरवून दुसऱ्या हबचा शोध सुरू करावा.